मी केलेल्या चव्वेचाळीस फवारण्या

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. कारण तसंच आहे. निर्यात मार्गदर्शन केंद्रात क्षेत्र समन्वयक म्हणून नेमणूक झाली. माझ्याकडे अकरा छोटे शेतकरी. प्रत्येकाची जमीन अर्धा एकर, फार तर पाऊण. पीक फरसबी. शेंग बारा सेंटिमीटर, सरळ आणि कोवळी असली तर ती विमानाने परदेशातल्या दुकानात जाणार. मी स्वतः अजून विमानात बसलेलो नाही. पण शेंगेला बसवणार.

संकल्प: दर मंगळवारी अकराही शेतांवर जाणे. फोनवर नाही, पायांनी. उंटावरून शेळ्या हाकणारे ऑफिसर मी खूप पाहिलेत. आपण त्यातले नाही.

गमबूट घेतले. बायको म्हणाली, मागच्या वर्षी सकाळी फिरायला जायचे म्हणून घेतलेले बूट कुठे आहेत तेवढं सांगा. मोठ्या कामाच्या सुरुवातीला घरचे असेच बोलतात.

अकरांत एक माझी ताई आहे. सख्खी, मोठी. बाकीचे दहा जण येऊ की नको करत होते. ताईने सगळ्यांना सांगितलं म्हणे, माझा भाऊच आहे तिथे, काळजी कसली. अंगावर मूठभर मांस चढलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

केंद्राच्या हॉलमध्ये प्रशिक्षण. पंखा इतका वाजत होता की बंद केला, मग उकाड्याने दोघे झोपले.

शेतवही समजावून सांगितली. प्रत्येकाची एक वही. कोणत्या तारखेला कोणतं औषध फवारलं, किती फवारलं, त्यानंतर किती दिवसांनी शेंग तोडली, सगळं तिच्यात. परदेशातला खरेदीदार आधी वही बघतो, मग शेंग. म्हटलं, वहीशिवाय शेंग म्हणजे बेवारस मूल. वाक्य चांगलं झालं, म्हणून पुन्हा एकदा म्हटलं.

एक शेतकरी दर पाच मिनिटांनी हात वर करतो. त्याचं नाव मी मनातल्या मनात शंकासुर ठेवलंय. त्याने विचारलं, फवारलंच नाही तर काय लिहायचं? म्हटलं, चांगला प्रश्न आहे, शेवटी घेऊ. शेवटी चहा आला.

वहीच्या प्रत्येक पानावर शेतकऱ्याची सही लागते. दर वेळी सहीसाठी कोण धावणार? म्हणून प्रत्येकाकडून वीस-वीस कोऱ्या पानांवर आजच सह्या घेऊन टाकल्या. शंकासुर अडून बसला. कोऱ्या कागदावर सही करू नकोस, असं वडील सांगून गेलेत म्हणे. तेव्हा ताई उठली, पेन घेतलं आणि उभ्याउभ्या वीस सह्या केल्या. मग सगळ्यांनी केल्या. त्यानेही.

 

१० फेब्रुवारी, मंगळवार

पहिला भेटीचा दिवस. स्कूटर पंक्चर. दुरुस्त होईपर्यंत साडेअकरा. उन्हात शेतावर जाऊन काही दिसत नाही, कीड पानाखाली बसते (माझा अंदाज). फोनवरून भेटी दिल्या. अकरापैकी सात जणांनी उचलला. पेरणी झाली म्हणतात.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गमबूट चावतात. दोन नंबर मोठे घ्यायला हवे होते. ताईचा फोन: उगवण छान झाली, बघायला ये. येतो म्हटलं. मनापासून म्हटलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज नक्की निघालो होतो. दारातच मॅडमचा फोन, केंद्रात या. (मॅडम म्हणजे केंद्राच्या प्रमुख. त्यांच्या टेबलावर एक फुलदाणी, एक पट्टी आणि एक लाल पेन, बाकी काही नाही. अशा माणसांची मला भीती वाटते.) शुक्रवारी सगळ्या शेतवह्या तपासणार म्हणाल्या. रिकामा रकाना त्यांना चालत नाही. रिकामा रकाना म्हणजे न केलेलं काम.

अकरा वह्या माझ्या कपाटात. अकराही कोऱ्या. फक्त सह्या.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

खूप विचार केला. शेतकरी फवारतातच. सगळं जग फवारतं. मग त्यांनी जे केलं असणारच ते मी लिहिलं तर त्यात खोटं काय? मी फक्त त्यांचा लेखनिक. परवानगीच्या यादीतली औषधं काढली, मापं बरोबर घेतली, मधले दिवस नियमाप्रमाणे सोडले. प्रत्येकाची एक फवारणी. निळं, काळं, जांभळं अशी तीन पेनं वापरली, म्हणजे सगळं एका हातचं वाटायला नको. दोन वह्यांवर मुद्दाम पाण्याचे थेंब उडवले. शेत वाटलं पाहिजे.

ताईची वही सगळ्यात शेवटी घेतली. तिची सही मोठी, शाळेतल्या मुलीसारखी, ओळीवर बसवलेली. तिच्या वर लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पण दहांच्या लिहून अकरावी कोरी ठेवणं बरं दिसलं नसतं. लोक म्हणाले असते, घरच्यांना वेगळा न्याय.

पुढच्या मंगळवारपासून खऱ्या भेटी. नक्की.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडम म्हणाल्या, उत्तम. माझ्यापुढे त्यांनी उत्तम हा शब्द पहिल्यांदा वापरला. लाल पेन उघडलंसुद्धा नाही.

११ मार्च, बुधवार. दुपारी ३

काल मंगळवार होता हे आज लक्षात आलं.

वह्या आता हातात बसल्यात. दुसरी फवारणी झाली, तिसरीही उरकली. तोचतोचपणा नको म्हणून नऊ नंबरच्या प्लॉटवर माव्याची कीड पडल्याचं दाखवलं. सुरुवातीला मावा हटेना. औषध बदललं, चार दिवसांत आटोक्यात आणला. लिहून झाल्यावर खुर्चीत मागे टेकून बसलो. एक पीक वाचवल्याचं समाधान काही वेगळंच असतं.

१५ मार्च, रविवार

ताईचा फोन. मी नेमका चौथ्या फवारणीच्या मध्यात होतो, म्हणून फोन स्पीकरवर ठेवून लिहीत राहिलो. ती म्हणाली, आम्ही अकरा जणांनी ठरवून यंदा औषधाला हातच लावला नाही, पिवळे चिकट सापळे लावलेत आणि रोज सकाळी बायका-माणसं मिळून अळ्या वेचतो, सगळं मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवते, चाललंय ना तसं? मी म्हटलं, चाललंय, चाललंय. तिने विचारलं, तू कधी येतोस? म्हटलं, वहीचं काम संपलं की लगेच.

काहीतरी महत्त्वाचं बोलली असं नंतर वाटत राहिलं. असेल तर पुन्हा फोन करेल.

एकूण फवारण्या चव्वेचाळीस. मनगट दुखतंय.

२४ मार्च, मंगळवार

पहिली तोडणी. सगळ्या शेतांतल्या शेंगांचे नमुने खरेदीदाराच्या लॅबला गेले, औषधाचा अंश तपासायला. नमुने घ्यायला लॅबचा माणूस शेतोशेत फिरला. मी बरोबर जाणार होतो, पण पहिल्या निर्यातीच्या कार्यक्रमात चार शब्द बोलावे लागतील, त्यांची तयारी करत होतो. सुरुवात 'मातीशी नातं' अशी केली आहे. गमबूट बाल्कनीत आहेत. एका बुटात बायकोने कांदे ठेवलेत.

३० मार्च, सोमवार

लॅबचा रिपोर्ट! शून्य. अकराच्या अकरा नमुन्यांत औषधाचा मागमूस नाही. खरेदीदार इतका खूश की ही शेंग नेहमीच्या फळीवर न ठेवता बिनफवारणीच्या खास फळीवर ठेवू म्हणतो, आणि पुढची तीन वर्षं याच अकरा जणांकडून घेऊ म्हणतो. तीन वर्षं! मॅडमनी सगळ्यांसमोर माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बाकी औपचारिकता. उद्या खरेदीदाराच्या तपासनीस बाई येऊन वह्या बघणार. वह्यांची काळजीच नाही. वह्या माझ्या आहेत.

३१ मार्च, मंगळवार

आलिया भोगासी.

तपासनीस बाई चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून बघतात. मोठ्याने बोलत नाहीत, तेच वाईट. एका बाजूला रिपोर्ट ठेवला, दुसऱ्या बाजूला वह्या. म्हणाल्या, इथे चव्वेचाळीस फवारण्या दिसतात, शेवटची नमुन्याच्या नऊ दिवस आधीची. मग शेंगेत काहीच कसं नाही? एक तर नमुने दुसरीकडचे, नाही तर वह्या खोट्या.

पाणी प्यायलो. ग्लास रिकामा होता, तरी प्यायलो.

त्या म्हणाल्या, नमुने आमच्याच माणसाने घेतलेत, त्याबद्दल शंका नाही. वह्या चुकल्या असतील तर कोणी लिहिल्या, कशा लिहिल्या, एवढं खरं खरं लिहून द्या, आणि शेतकऱ्यांनी स्वतः कुठे काही टिपलं असेल तर ते जोडा. शुक्रवारपर्यंत. तेवढ्यावर मी माल सोडीन. नाही तर हे अकराही जण संशयित, हंगाम बंद. तोवर तोडलेला माल हलवायचा नाही.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे.

घरी येताना ताईला फोन केला. फिरवून फिरवून विचारलं, घरी काही लिहून वगैरे ठेवता का? म्हणाली, हो की, कॅलेंडरच्या मागे रोज लिहिते. पाणी कधी दिलं, अळ्या किती वेचल्या, सापळे कधी बदलले. सांगितलं होतं की तुला, फोनवर.

म्हणजे सगळं तयार आहे. तिच्याकडे खऱ्या नोंदी आहेत, शेतात खरी शेंग आहे. मी फक्त लिहायचं, वह्या मी लिहिल्या. तेवढंच. उद्या सकाळी लिहून टाकतो. सोपं आहे. मोकळं वाटतंय.

१ एप्रिल, बुधवार

पत्राचा पहिला मसुदा. 'वह्यांतील नोंदी मी केल्या.' वाक्य फार उघडं वाटलं. पुढे 'कामाच्या प्रचंड व्यापामुळे' जोडलं. व्याप कोणता, असं विचारतील म्हणून तो काढला. दुपार गेली.

२ एप्रिल, गुरुवार

चौथा मसुदा. यात 'मी'च्या जागी 'केंद्र' घातलं. मग मॅडमचा चेहरा आठवला. केंद्र खोडलं.

ताईचा फोन: तोडलेल्या शेंगा सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवल्यात, कधी न्यायच्या? म्हटलं, कागदपत्रं चाललीयत. ती म्हणाली, एक दिवसाआड तोडल्या नाहीत तर झाडावर जून होतात, तोडायच्या का थांबायचं? म्हटलं, थांबा. कसा बोललो कोण जाणे.

३ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ५.५५

पत्र पाठवलं! सहावा मसुदा. मजकूर: 'नोंदी करताना तांत्रिक स्वरूपाची तफावत झाल्याचे दिसून येते.' एक शब्दही खोटा नाही. सोबत ताईने कॅलेंडरच्या मागच्या पानांचे फोटो काढून पाठवले ते जोडले. सुटलो.

४ एप्रिल, शनिवार

तपासनीस बाईंचं उत्तर. कॅलेंडर फार चांगलं आहे म्हणतात, इतक्या नीट नोंदी त्यांनी पाहिल्या नाहीत. पण तफावत आपोआप होत नाही. वह्या कोणी लिहिल्या? मंगळवारी दुपारी बारापर्यंत थांबते, त्यापुढे थांबणं माझ्या हातात नाही.

चांगल्या बाई आहेत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

५ एप्रिल, रविवार

बायकोला सगळं सांगितलं. म्हणजे बरंचसं. तिने कपड्यांची घडी घालता घालता ऐकलं आणि विचारलं, तीन शब्द लिहायला काय होतं तुम्हाला? म्हटलं, नोकरी जाईल. म्हणाली, जाईल किंवा नाही जाणार, त्यांचं पीक तर आत्ता जातंय. मग आतल्या खोलीत निघून गेली. घड्या तशाच अर्ध्या.

ताईचा फोन मी उचलला नाही. मग तिने बायकोला केला. शंकासुराने म्हणे सगळ्यांसमोर विचारलं, कोऱ्या पानांवर सह्या कोणी करायला लावल्या? ताईने सांगितलं, मी लावल्या, माझ्याकडे बघून सगळ्यांनी केल्या. माझं नाव तिने घेतलं नाही. उलट म्हणाली म्हणे, माझा भाऊ धावपळ करतोय, थोडं थांबा.

मी धावपळ करतोय! आज दिवसभर मी बाल्कनीतून आत आणि आतून बाल्कनीत गेलो. लाज वाटते. सरळ लिहितो: लाज वाटते.

उद्या सकाळी उठल्याबरोबर पत्र.

६ एप्रिल, सोमवार

सातवा मसुदा चांगला झाला होता. त्यात 'मी' होता. पण पाठवण्याआधी मॅडमना दाखवणं शिस्तीचं, आणि मॅडम बाहेरगावी. शिस्त मोडून कसं चालेल? त्या उद्या दहाला येणार. दहा ते बारा, दोन तास पुष्कळ झाले.

७ एप्रिल, मंगळवार

सकाळी अंगात कणकण. ताप ९८.९. बायको म्हणाली, याला ताप म्हणत नाहीत. तरी पडून राहिलो. डोक्यावर चादर. अकरा वाजता उठून पत्र उघडलं, 'मी' वर कर्सर नेला, ठेवला. साडेअकरा. पावणेबारा. फोन वाजला, ताई. ती ओरडली तर ऐकून घ्यायचं आणि लगेच पाठवायचं, असं ठरवून उचलला. ती ओरडली नाही. म्हणाली, तुला बरं नाही असं वहिनी म्हणाल्या, झोप तू, आमचं आम्ही बघतो.

फोन ठेवला तेव्हा बारा वाजून चार मिनिटं.

८ एप्रिल, बुधवार

कळवलं त्यांनी. अकराही प्लॉट संशयित, हंगाम बंद. बिनफवारणीची फळी दुसऱ्या कुठल्या तरी गटाला गेली. तीन वर्षंही त्यांच्याबरोबर गेली.

जगात कदाचित हे पहिलंच. माल स्वच्छ म्हणून नाकारला. छे, तसंही नाही. माल स्वच्छ होता, माझे कागद घाणेरडे होते.

९ एप्रिल, गुरुवार. सकाळी ९

आता पाठवलं. नववा मसुदा. 'अकराही शेतवह्या मी कार्यालयात बसून लिहिल्या. मी एकदाही शेतावर गेलो नाही. शेतकऱ्यांनी एकही फवारणी केलेली नाही.' एक प्रत मॅडमना दिली. त्यांनी लाल पेन उघडलं, वाचलं आणि पुन्हा बंद केलं. म्हणाल्या, ह्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पुढचं सोमवारी सांगतील.

दुपारी ४. तपासनीस बाईंचं उत्तर आलं. आभार मानलेत. मंगळवारी आलं असतं तर, एवढंच लिहून वाक्य अर्धं सोडलंय. पुढच्या हंगामात नव्याने अर्ज करता येईल म्हणतात.

१२ एप्रिल, रविवार

पत्राची प्रत घेऊन ताईकडे गेलो. कांदे काढून गमबूट घातले. तिच्या शेताचा नकाशा मीच काढलाय, सात नंबर, पण फाट्यावर पोचल्यावर डावीकडे की उजवीकडे ते कळेना. फोन करून ताईलाच विचारावं लागलं. तिने नीट सांगितलं, विहिरीपासून दुसरं.

थोड्या शेंगा जवळच्या बाजारात गेल्या होत्या. पण अकरा जणांची फरसबी एकदम आल्यावर तिथे कोण घेणार? बाकीच्या झाडावरच फुगल्या होत्या. बऱ्याच गुरांपुढे पडल्या होत्या. शंकासुर बांधावर उभा होता. मला पाहून त्याने हात वर केला नाही.

ताईने पत्र उभ्याउभ्या वाचलं. दोनदा वाचलं. एवढंच लिहायचं होतं का, असं विचारलं. म्हटलं, हो. म्हणाली, तीनच ओळी आहेत की रे. मी म्हटलं, ताई, चुकलं माझं. ती म्हणाली, ते ह्या दहा जणांना सांग, मला सांगून काय उपयोग, मी तर तुझी बहीणच आहे. मग पत्र घडी करून कमरेला खोचलं.

दहांच्या दारी गेलो. एकाने दार लावून घेतलं. एका आजींनी पाणी दिलं, ते जास्त लागलं.

परत आलो तेव्हा ताई बियाण्यासाठी शेंगा तोडत होती. म्हटलं, मी करू लागतो. पूर्ण वाळलेल्या तोडायच्या, अर्धवट जून राहू द्यायच्या. मी ज्या तोडल्या त्या नेमक्या राहू द्यायच्या निघाल्या. तिने दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवायला हात उचलला आणि खाली घेतला. म्हणाली, राहू दे, तू नुसती टोपली धर.

धरली.